मानवी हक्कांच्या पुरस्कारासाठी नामांकन कसं पाठवायचं

डिसेंबर संपत आला की मला फोन सुरू होतात. "मॅडम, आमच्या ताईंचं नाव परदेशातल्या पुरस्काराला पाठवायचंय. मजकूर तयार आहे, तेवढं इंग्रजीत करून द्या." मी अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीनंतर बीड, लातूर, धाराशिव भागातल्या छोट्या संघटनांचं इंग्रजी कागदकाम माझ्याकडे येऊ लागलं. आता 'तयार मजकूर' म्हणून जे येतं, ते बहुतेकदा कुठल्या तरी सत्कारात वाचलेलं मानपत्र असतं. इंग्रजीत केलं तरी ते मानपत्रच राहतं, आणि त्यावर कुणी पुरस्कार देत नाही. दर वर्षी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आधी दार कुठलं ते पाहा

नाव कुणीही सुचवू शकतं असं सगळीकडे नसतं. युरोपीय संसदेच्या साखारोव पुरस्काराला नाव सुचवायचं तर संसदेतला एखादा राजकीय गट किंवा किमान ४० खासदार लागतात. नोबेल शांतता पुरस्कारालाही प्राध्यापक, खासदार, मंत्री, आधीचे विजेते अशा ठरलेल्या लोकांनीच नाव द्यायचं असतं. तुम्ही-आम्ही कितीही सुंदर पत्र लिहिलं तरी ते तिथे वाचलंच जात नाही. त्यामुळे या दोन्हींचा नाद सोडा.

उघडी दारंही आहेत. स्टॉकहोमचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार १९८०पासून दिला जातो आणि त्याला कुणीही नाव सुचवू शकतं; फक्त स्वतःचं, नात्यातल्यांचं किंवा आपल्याच संस्थेचं नाव चालत नाही. १९९१ साली मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाव आंदोलनाला मिळाला तो हाच. दक्षिण कोरियातला ग्वांगजू मानवी हक्क पुरस्कार १९८०च्या तिथल्या लोकशाहीवादी उठावाच्या स्मरणार्थ २०००पासून देतात, रक्कम ५० हजार डॉलर. २००७ साली तो इरोम शर्मिलांना मिळाला होता. डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स ही संस्था जिवाला धोका असलेल्या कार्यकर्त्यांसाठी पुरस्कार देते. २०१८ साली आशियातून बस्तरच्या सोनी सोरींची निवड झाली होती. तैवानचं लोकशाही प्रतिष्ठान २००६पासून लोकशाही आणि मानवी हक्क असा जोडनावाचा पुरस्कार आशियासाठी देतं.

माझा स्वतःचा कल नॉर्वेतल्या बर्गन शहरच्या राफ्टो पुरस्काराकडे असतो. थोरॉल्फ राफ्टो हे तिथले आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. राजकीय कारणांवरून विद्यापीठाबाहेर काढलेल्या विद्यार्थ्यांसमोर १९७९ साली प्रागमध्ये व्याख्यान दिलं म्हणून पोलिसांनी त्यांना बेदम मारलं होतं. १९८६ साली ते गेले आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. रक्कम मोठी नाही, २० हजार डॉलर. पण ही मंडळी अशी नावं शोधतात जी जगाला अजून नीट ठाऊक नसतात. म्यानमारच्या सू ची, पूर्व तिमोरचे रामोस-होर्ता, दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग आणि इराणच्या शिरीन एबादी या चौघांना आधी राफ्टो मिळाला आणि मग नोबेल. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे २००७चा राफ्टो दलित मानवी हक्कांच्या राष्ट्रीय मोहिमेला, म्हणजे एनसीडीएचआरला मिळाला होता. जात हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे हे बर्गनच्या निवड समितीला नव्याने समजावावं लागत नाही, ही सोय छोटी नाही.

निकष दोन-तीनच आहेत. उमेदवार मानवी हक्कांच्या मूळ तत्त्वांसाठी प्रत्यक्ष झगडणारा हवा, मार्ग अहिंसक हवा. व्यक्ती चालते, संघटना चालते, विभागूनही देतात. नावं पाठवायची मुदत १ फेब्रुवारीची असते, तरी दर वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

ज्या ईमेलमध्ये 'आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असं लिहिलेलं असेल ती वाचून सोडून द्या. मानद डॉक्टरेट विकणारे आणि हे एकाच गल्लीतले. नाव सुचवायला खरा पुरस्कार एक पैसाही मागत नाही.

ताईंना विचारलंत का?

हा प्रश्न विचारला की फोनवर हमखास शांतता. "त्यांना सरप्राइज द्यायचंय मॅडम."

असलं सरप्राइज देऊ नका. आपल्या भागातलं उदाहरण घ्या. ऊसतोड मजुरांच्या हक्कांवर काम करणारी बाई मजुरांची टोळी आणणारा मुकादम, साखर कारखाना आणि गावचे पुढारी अशा तिघांच्याही डोळ्यांत आधीच खुपत असते. परदेशी पुरस्काराची बातमी आली की 'बाहेरच्या पैशावर चालणारी' हा शिक्का तयारच असतो. सासरच्यांना काय वाटेल, पोलीस पाटील काय म्हणतील, धाकट्या मुलाच्या आश्रमशाळेतल्या नोकरीवर काही येईल का, या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडेच असतात, तुमच्याकडे नाही. समोर बसून विचारा. पहिल्या बैठकीत 'तुम्ही म्हणाल तसं' असं उत्तर आलं तर तो होकार धरू नका. आठवड्याने पुन्हा विचारा, घरात बोलून झालं का ते विचारा. काही जणी नको म्हणतात. तिथे विषय संपवायचा, गळ घालायची नाही.

दुसरा प्रश्न संघटनेचा. "आम्ही सगळे रात्रीबेरात्री फडावर गेलो आणि नाव एकटीचं?" ही कुरबुर पुरस्कारानंतर बाहेर येण्यापेक्षा आधी आलेली बरी. संघटनेच्या बैठकीत विषय ठेवा. व्यक्तीचं नाव द्यायचं की संघटनेचं, ते ठरवा आणि ठराव लिहून ठेवा. काम खरोखर सामुदायिक असेल तर संघटनेचंच नाव द्यावं, असं माझं मत. मात्र धोका एकटीच्या डोक्यावर असेल तर तिचंच नाव द्या, कारण अशा वेळी पुरस्काराबरोबर येणारं लक्ष हे थोडंफार संरक्षणही असतं.

आणि गुप्तता पाळा. आपल्याकडे नाव पाठवलं की चौकात फ्लेक्स लागतो, 'आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांचे बत्तीस फोटो. अहो, नाव कुणीही पाठवू शकतं, त्यात अभिनंदन कसलं? फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपवरही काही टाकायचं नाही.

कागद दसऱ्याआधी

मुदत फेब्रुवारीत असली तरी आपलं काम सप्टेंबरमध्ये सुरू व्हायला हवं. टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात आणि ताईही त्यांच्यामागे फिरतात, कधी सांगली-कोल्हापूर, कधी कर्नाटक. जानेवारीत तुम्ही फोन करता तेव्हा त्या एखाद्या कोपीसमोर, म्हणजे मजुरांच्या झोपडीसमोर उभ्या असतात, रेंज नसते आणि कागद घरी पत्र्याच्या पेटीत असतात.

ती पेटी एका दुपारी सगळी खाली काढा. मला काय हवं असतं ते सांगते. वेठबिगार प्रथा उच्चाटनाच्या १९७६च्या कायद्याखाली दिलेले अर्ज, पोच शिक्क्यासकट. प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेली मुक्ती प्रमाणपत्रं. प्रथम खबरी अहवालाच्या प्रती. माहितीच्या अधिकारात आलेली उत्तरं. कामगार न्यायालयाचे किंवा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे आदेश. ताईंना आलेल्या धमक्यांबद्दल केलेल्या तक्रारी. त्यावर काहीच कारवाई झाली नसेल तरीही, किंबहुना झाली नसेल तर जास्तच.

वर्तमानपत्रांची कात्रणं हा वेगळाच वैताग. बातमी तेवढी कापलेली, वर नाव नाही, तारीख नाही, मागे सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात. कापण्याआधी पानाच्या वरच्या पट्टीसकट फोटो काढा, अंक आणि आवृत्ती पेनने लिहा. जुन्या कात्रणाची तारीख काही केल्या सापडत नसेल तर ते लावू नका.

शाल-श्रीफळाचे फोटो एकही नको. हार घातलेला फोटो पाहून बर्गनमधल्या माणसाला एवढंच कळतं की बाईंना हार घातला होता.

ज्या मजुरांच्या प्रकरणांबद्दल लिहिताय त्यांची नावं, आधार क्रमांक, चेहरे झाका. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे आणि बाल पीडितांबाबतही तसंच. प्रतीवर काळी पट्टी मारा आणि मग स्कॅन करा. मूळ स्कॅनवर मोबाइलमधून काळा रंग फासला की तो कधी कधी मागे काढता येतो.

मजकूर लिहिताना

इथे जरा थांबते, कारण खरी मेहनत इथेच आहे. माझ्याकडे येणारा मजकूर साधारण असा असतो:

"दीनदुबळ्यांच्या कैवारी, ऊसतोड भगिनींच्या माउली यांनी आपले संपूर्ण आयुष्य समाजासाठी चंदनाप्रमाणे झिजवले असून त्यांच्या कार्याचा सुगंध सातासमुद्रापार दरवळत आहे. अशा या रणरागिणीस हा पुरस्कार मिळणे म्हणजे पुरस्काराचाच सन्मान होय."

यात एक तारीख नाही, एक गाव नाही, एकही कृती नाही. ताई नेमकं काय करतात ते कळत नाही, चंदनाचं काय होतं ते मात्र कळतं. असा मजकूर आला की मी कागद बाजूला ठेवते आणि ताईंनाच विचारते: गेल्या हंगामातलं एक प्रकरण सांगा. सगळ्यात मोठं नको, तुम्हाला नीट आठवतंय ते. पहिला फोन कुणाचा आला? किती वाजता? मग तुम्ही कुणाला फोन केला? तिथे कशाने गेलात? तहसीलदार आले का? आल्यावर मुकादम काय म्हणाला? किती माणसं सुटली, किती नाही सुटली? परत आल्यावर तुमच्या घरी काय झालं? मध्ये बोलायचं नाही, फक्त लिहायचं. अर्ध्या तासात तुमच्या हाती पुरस्काराचा सगळा ऐवज आलेला असतो. मग वरचा परिच्छेद असा होतो (तपशील नमुन्यापुरते, मी बदललेले आहेत):

"जानेवारीत कर्नाटकातल्या एका उसाच्या फडावर, आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही या कारणावरून मुकादमाने अकरा जणांना अडवून ठेवलं, त्यांत चार मुलं होती. रात्री फोन आल्यावर बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना १९७६च्या कायद्याखाली लेखी अर्ज पाठवला (जोड १) आणि तिथल्या तहसीलदारांसोबत त्या स्वतः फडावर गेल्या. तिसऱ्या दिवशी सगळे सुटले. सात मोठ्या माणसांपैकी तिघांना मुक्ती प्रमाणपत्र मिळालं (जोड २), चौघांचे अर्ज प्रलंबित आहेत. त्यानंतर बाईंच्या घरावर दगडफेक झाली; पोलीस तक्रारीची प्रत सोबत आहे (जोड ३)."

'चौघांचे अर्ज प्रलंबित आहेत' हे वाक्य पाहून संघटनेचे लोक नेहमी अस्वस्थ होतात. "मॅडम, हे कशाला? कमीपणा दिसतो." राहू द्या. जिथे सगळंच शंभर टक्के यशस्वी झालेलं असतं, त्या मजकुरावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. शिवाय लढा संपलेला नाही, तो कुठे अडलाय, हे त्यातूनच कळतं.

अशी तीन प्रकरणं पुरतात. वीस प्रकरणं दोन-दोन ओळींत देण्यापेक्षा तीन नीट द्या आणि उरलेल्यांचा एक साधा तक्ता जोडा: वर्ष, तालुका, माणसं, कायदा, निकाल.

प्रकरणांच्या आधी एक परिच्छेद व्यवस्थेबद्दल लागतो. आपण गृहीत धरतो त्यातलं काहीच समोरच्याला माहीत नसतं. मुकादम कारखान्याकडून पैसे उचलतो आणि त्यातून मजुरांना हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मजुरी टनावर. बाई आजारी पडली, बाळंत झाली आणि काम चुकलं की खाडा कापतात. हंगाम संपताना हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि त्या वहीत मजूर बहुतेक वेळा देणेकरीच निघतो. एवढं सात-आठ वाक्यांत सांगितलं की मग पुढचं वाचताना कुणी विचारत नाही की ही माणसं काम सोडून निघून का गेली नाहीत.

पाठोपाठ कायद्याचा दुवा द्या. आपल्या संविधानाचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचं कलम ४ गुलामगिरीला. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा कलम २३मधली सक्तीची मजुरीच. ही तीन वाक्यं लिहिली की ताईंचं काम 'समाजसेवा' या सदरातून निघून हक्कांच्या सदरात जातं. पुरस्कार हक्कांसाठी आहे. वह्या-पुस्तकं वाटली, रक्तदान शिबिर घेतलं, हे चांगलंच आहे, पण या कागदात त्याला जागा नाही.

भाषा साधी ठेवा. वाक्यं आखूड. विशेषणं लिहून झाल्यावर सगळी खोडा आणि पाहा, काही कमी झालं का. फॉर्मवर शब्दमर्यादा दिलेली असते ती पाळा. 'थोडं वाढलं तर चालेल' हे आपल्या स्मरणिकेत चालतं.

शिफारसपत्रं

आमदारांचं पत्र आणू नका, पालकमंत्र्यांचं तर मुळीच नको. राज्यसत्तेशी झगडणाऱ्या बाईला राज्यसत्तेचंच प्रशस्तिपत्र जोडलं की वाचणारा बुचकळ्यात पडतो. दोन-तीन अशी माणसं शोधा जी संघटनेत नाहीत पण काम जवळून पाहिलंय: खंडपीठात प्रकरण चालवलेले वकील, सुटून आलेल्या मजुरांना तपासलेले सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, या विषयावर अभ्यास केलेले प्राध्यापक. त्यांनी 'मी काय पाहिलं' एवढंच लिहावं, एका पानात. तिघांच्या पत्रांतली वाक्यं सारखी असली तर एकाच हाताने लिहिलीत हे लगेच कळतं, म्हणून मसुदा करून सह्या घेत फिरू नका.

अशा संस्था तुमच्या कागदावर विसंबत नाहीत, स्वतः चौकशी करतात. शिफारस करणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण +४७ने सुरू होणारा नॉर्वेचा नंबर दिसला की आपल्याकडे माणूस फसवणूक समजून फोन कापतो. कुणाला इंग्रजी बोलायची भीती असेल तर तसं फॉर्ममध्ये लिहा; दुभाषा मागण्यात काही कमीपणा नाही.

पैशाचं आधी विचारून ठेवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. परदेशातून येणाऱ्या रकमेला एफसीआरए, म्हणजे २०१०चा विदेशी अंशदान कायदा लागू होऊ शकतो. संस्थेला रक्कम घ्यायची तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. 'त्या दुसऱ्या संस्थेकडे नोंदणी आहे, त्यांच्याकडून घेऊ' हा जुना मार्गही त्याच दुरुस्तीने बंद झाला. सरकारी कर्मचारी, विधानसभा-लोकसभेचे उमेदवार, नोंदणीकृत वर्तमानपत्राचे बातमीदार, संपादक, इतकंच काय स्तंभलेखक यांनाही विदेशी अंशदान घ्यायला मनाई आहे. जिल्ह्याच्या दैनिकात ताईंचं साप्ताहिक सदर चालू असेल तर हे आताच लक्षात घ्या. प्राप्तिकराची सूटही सरकारने दिलेल्या किंवा मान्य केलेल्या पुरस्कारांनाच असते. हे विषय कोळून प्यालेल्या सनदी लेखापालाला गाठा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्यावर जाऊ नका. ताईंचा पासपोर्ट आहे का तेही पाहा. नसेल तर अर्ज आत्ताच करा. आंदोलनातले गुन्हे नावावर असले की पोलीस पडताळणी लांबते, कधी कधी न्यायालयाची परवानगीही लागते.

पाठवल्यानंतर

फॉर्म भरल्याची पोच जपून ठेवा. राफ्टोची घोषणा साधारण सप्टेंबरात होते आणि सोहळा नोव्हेंबरात बर्गनला. निवड झाली नाही तर बहुतेक ठिकाणांहून पत्र येत नाही, कारणही सांगत नाहीत. विचारत बसू नका आणि 'आमचं काय चुकलं' अशी ईमेल तर अजिबात पाठवू नका. मोजक्याच पुरस्कारांसाठी जगभरातून नावं येतात. कधी कधी त्या वर्षी म्यानमार किंवा बेलारूस पेटलेला असतो.

पुढच्या वर्षी तेच नाव पुन्हा पाठवता येतं, पण तोच मजकूर नको. मधल्या हंगामात काय घडलं ते वर घ्या, जुनं प्रकरण छोटं करा, तक्त्यात एक ओळ वाढवा, शिफारसपत्रांवर नवी तारीख घ्या. ताईंना मात्र पुन्हा विचारा. गेल्या वर्षीचा होकार यंदाही आहेच, असं समजू नका.